मागचा दिवा

कृष्णाकाठच्या एका खेड्यात, मळ्यातील घराच्या पडवीत, एक जुनी लूना कित्येक वर्षे भिंतीला टेकून उभी होती. घरधन्याच्या हयातीत तिला मोठा मान असे. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते. 1990 च्या सुमारास त्यांनी ती विकत घेतली आणि निवृत्त होईपर्यंत रोज तिच्यावरूनच शाळा गाठली. कायनेटिक इंजिनिअरिंग या कंपनीने 1972 साली बाजारात आणलेली ही 50 घनसेंटिमीटर इंजिनाची हलकी गाडी एके काळी महाराष्ट्रातील कितीतरी सामान्य कुटुंबांची सोबतीण होती. पायडल मारून ती चालू करावयाची, आणि इंजिन रुसलेच तर सायकलीसारखी पायांनी रेटीत घरी आणावयाची! पुढे पेट्रोलवर चालणाऱ्या लूनाचे उत्पादन थांबले, गुरुजीही निवर्तले, आणि त्यांच्या लाडक्या गाडीवर धूळ साचू लागली.

त्यांचा नातू अठरा वर्षांचा झाला आणि तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचे शिक्षण घेऊ लागला, तेव्हा त्याची दृष्टी या गाडीकडे वळली. त्याला कारणही तसेच होते. त्याचे वडील नोकरीनिमित्त पुण्यास असत. आई तालुक्याच्या गावी परिचारिका होती. सायंकाळी साडेसातची एस.टी. तिला फाट्यावर सोडी. फाट्यापासून मळ्यापर्यंत चार किलोमीटरची वाट. दुतर्फा पुरुषभर उंचीचा ऊस. आणि हिवाळ्याच्या दिवसांत तर गडद काळोख. हातातील विजेरीच्या उजेडात ती माउली रोज ती वाट तुडवीत येई. ऊसतोडणीच्या हंगामात त्याच वाटेवरून बैलगाड्या व ट्रॅक्टर रात्रंदिवस धावत. आई उंबरठ्याच्या आत पाऊल टाकीपर्यंत मुलाच्या जिवाला चैन पडत नसे.

“आजोबांची गाडी चालू झाली, तर मी तुला रोज आणीन,” असे त्याने एके दिवशी आईला वचन दिले.

तालुक्याच्या गावी त्याच्या मामाचे, पाण्याच्या मोटारी भरण्याचे लहानसे दुकान होते. जळालेल्या मोटारीतील काळी पडलेली तार काढावयाची आणि तिच्या जागी नव्या तारेची वेटोळी घट्ट बसवावयाची, हे काम मामा तीस वर्षे करीत आले होते. भाच्याने लूना ढकलीत दुकानात आणली. दोघांनी मिळून इंजिन स्वच्छ केले, पेट्रोलची नळी बदलली, नवा प्लग बसविला, आणि चौथ्या दिवशी गाडी धूर सोडीत जागी झाली. भाच्याचा आनंद गगनात मावेना. परंतु दिव्याचे बटण दाबले, तेव्हा मात्र काहीच घडले नाही.

“आता बॅटरी आणावी लागेल काय?” त्याने विचारले.

मामा हसले. “अरे, या गाडीला बॅटरी नाहीच. हिची वीज हीच तयार करते. इंजिनाची ही बाजू उघड, म्हणजे तुला कळेल.”

झाकण निघाले. आत एक जड चक्र होते. ते काढताच त्याच्या आतल्या कडेला बसविलेले लोहचुंबक दिसले, आणि चक्राच्या पोटात, तांब्याच्या तारेची दोन वेटोळी एका स्थिर तबकडीवर घट्ट बसविलेली आढळली. एक वेटोळे इंजिनातील ठिणगीसाठी, दुसरे दिव्यांसाठी. इंजिन फिरू लागले की चक्र फिरते, चक्राबरोबर चुंबक फिरतात, आणि त्या स्थिर वेटोळ्यांमध्ये विद्युत्प्रवाह निर्माण होतो.

या करामतीचे मूळ लंडन शहरात आहे. तेथील रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे नावाचा शास्त्रज्ञ होता. लहानपणी तो पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करीत असे. बांधणीसाठी आलेली पुस्तके वाचता वाचता त्याला विज्ञानाची गोडी लागली. 1831 साली त्याने तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर करून पाहिला. चुंबक हलत असेपर्यंत तारेत विद्युत्प्रवाह वाहे. तो स्थिर होताच प्रवाहही थांबे. चुंबक जितका जलद हले, तितका परिणाम मोठा. आज आपल्या घरी येणारी बरीचशी वीज याच तत्त्वावर निर्माण होते. कोयनेच्या जलविद्युत् केंद्रातील अवाढव्य यंत्रे आणि लूनाच्या इंजिनातील ते मुठीएवढे वेटोळे यांचे गोत्र एकच आहे.

दिव्यांचे वेटोळे जळून काळे पडले होते. मामांनी जुनी तार एकेक फेरा मोजीत सोडविली, तिची जाडी मापली, आणि भाच्याच्या हाती तितक्याच जाडीची नवी तार दिली. “जेवढे फेरे होते तेवढेच घालायचे, एकही कमी नको, एकही जास्त नको,” असे त्यांनी बजावले. भाचा सारी सायंकाळ मान खाली घालून तार गुंडाळीत बसला. दुसऱ्या दिवशी वेटोळे जागेवर बसले, चक्र चढले, नव्या तारा ओढल्या गेल्या. मामांनी समोर 15 वॅटचा व मागे 5 वॅटचा, असे 6 व्होल्टवर चालणारे दोन दिवे लाविले. इंजिन सुरू होताच दोन्ही दिवे मिणमिणले आणि वेग देताच उजळले. मागच्या दिव्याची तांबडी काच एखाद्या डाळिंबी खड्यासारखी चमकू लागली.

त्या दिवसापासून आईची पायपीट संपली. साडेसातला मुलगा फाट्यावर हजर असे. एस.टी.तून उतरताना त्याची गाडी दिसली की आईच्या मुद्रेवरील दिवसभराचा शीण निम्मा उतरे.

परंतु मनुष्याला मिळालेल्या गोष्टीत फार काळ समाधान वाटत नाही. समोरचा उजेड मुलाला अपुरा वाटू लागला. एकदा सहज मागच्या दिव्याची तार निसटली असता समोरचा दिवा अधिक प्रखर झालेला त्याला आढळला. त्याने मनाशी हिशेब केला : वेटोळ्यातील सारी वीज एकट्या समोरच्या दिव्याला मिळाली, तर रस्ता स्वच्छ दिसेल. मागच्या दिव्याचा आपल्याला उपयोग तरी काय? तो तर आपल्या पाठीमागे! असा विचार करून त्याने ती तार कायमची सोडवून ठेविली. मामांना हे सांगावे, असे त्याला वाटले नाही. आईच्या तर ते ध्यानातही आले नाही.

तीन दिवस सर्व काही ठीक चालले. चौथ्या दिवशी एस.टी. उशिरा आली. आकाशात चंद्र नव्हता. आईला मागे बसवून मुलाने गाडी हाकली. ओढ्याकडे जाणारा उतार लागला, गाडीने वेग घेतला, समोरचा दिवा क्षणभर पांढराशुभ्र झाला, आणि एकाएकी विझला!

डोळ्यांसमोर काजळाची भिंत उभी राहिल्यासारखे झाले. मुलाने ब्रेक आवळले; परंतु उतारावर गाडी लगेच थांबेना. इतक्यात काळोखात, जमिनीपासून हातभर उंचीवर, एक पिवळसर ठिपका हेलकावताना त्याला दिसला. पुढे काहीतरी आहे, एवढेच त्याला समजले. त्याने गाडी बाजूच्या गवतात वळविली. गाडी अडखळली, तिरपी झाली आणि थांबली. ठिपका तेथून जेमतेम दोन पावलांवर होता.

तो होता एक कंदील. उसाने खच्चून भरलेल्या बैलगाडीच्या मागे, खाली लोंबता बांधलेला. उसाची टोके गाडीच्या मागे भाल्यांसारखी बाहेर आली होती. आणखी दोन पावले पुढे गेले असते, तर काय झाले असते, या कल्पनेनेच मुलाच्या अंगावर काटा आला. आईने काही न बोलता त्याचा खांदा घट्ट धरला होता.

गाडीवान धावत मागे आला. बीडकडून ऊसतोडणीसाठी आलेला तो एक वृद्ध गृहस्थ होता. “लागलं तर न्हाई ना, बाई?” त्याने काळजीने विचारले.

“नाही, दादा. तुमचा कंदील होता म्हणून वाचलो,” आई म्हणाली. मग तिने विचारले, “गाडीच्या पुढे दिवा नाही, आणि मागे कसा बांधलात?”

“पुढं कशाला? बैलांना वाट ठाऊक हाय. ह्यो कंदील आमच्यासाठी न्हाई, मागनं येणाऱ्यासाठी हाय,” एवढे बोलून त्याने कंदिलाची वात किंचित वर केली आणि तो बैलांकडे निघून गेला.

त्या रात्री मायलेक गाडी ढकलीत, विजेरीच्या उजेडात घरी आले. मुलाला जेवण गेले नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने मामांपुढे सर्व कबूल केले. मामांनी जळालेला दिवा हातात घेऊन पाहिला. त्याची तार वितळून तुटली होती. मामा रागावले नाहीत. त्यांनी विचारले, “तू मळ्यात दारे धरतोस ना? पाटाचे पाणी दोन वाफ्यांत वाटून दिले असेल आणि तू एका वाफ्याचे तोंड एकाएकी बंद केलेस, तर काय होईल?”

“सगळे पाणी दुसऱ्या वाफ्यात शिरेल, आणि त्याचा बांध फुटेल,” भाचा म्हणाला.

“तेच झाले. या गाडीत विजेवर अंकुश ठेवणारे दुसरे यंत्र नाही. इंजिन जोरात फिरले की वेटोळे जोराने वीज ढकलते. दोन दिवे ती वाटून घेतात, म्हणून दोघेही टिकतात. तू मागच्याचा वाटा काढून पुढच्याला दिलास. उतारावर इंजिन भरधाव फिरले, आणि तो वाटा पुढच्याला पेलला नाही. मागचा दिवा तुझा उजेड खात होता, असे तुला वाटले. खरे पाहता तो तुझा दिवा सांभाळीत होता.”

भाचा बराच वेळ गप्प राहिला. मग हळूच म्हणाला, “मामा, आणि तो नसल्यामुळे माझ्या मागून येणाऱ्याला आम्हीही दिसलो नसतो. आई मागेच बसली होती.”

मामांनी मान डोलाविली. त्यांना आणखी काही सांगण्याची आवश्यकता उरली नाही.

भाच्याने स्वतःच्या हातांनी मागची तार पुन्हा जोडली, ती निसटू नये म्हणून पक्की आवळली, आणि समोर नवा 15 वॅटचा दिवा बसविला. तालुक्याच्या बाजारातून त्याने हातभर तांबडी चकाकणारी पट्टीही आणली. रात्री ओढ्याच्या उतारावर थांबून, तो म्हातारा गाडीवान भेटताच, त्याच्या गाडीच्या मागे ती चिकटवून दिली. कंदील मात्र म्हाताऱ्याने सोडला नाही.

आजही ती लूना त्या वाटेवरून धावते. तिचा उजेड पूर्वीइतकाच, बेताचा आहे. फाट्यावरून निघताना आई बसण्याच्या तयारीत उभी असते. परंतु मुलगा आधी इंजिन चालू करून गाडीच्या मागे जातो आणि तांबडा दिवा लागला आहे ना, हे खाली वाकून पाहतो. एकदा गाडीवर बसल्यावर तो दिवा त्याला दिसत नाही.