इंजिन बंद केले आणि डॉल्फिन आले

मुंबईत आयुष्य गेले तरी आमच्या वस्तीतील बहुतेकांचा समुद्राशी संबंध चौपाटीपुरताच. होडीत पाऊल ठेवलेले कोणी नव्हते. म्हणून ७ कुटुंबांनी वर्षभर दरमहा वर्गणी काढली, हिशेबाची वही आमच्याकडे दिली आणि जानेवारीत आम्ही रेल्वेने कुडाळला व तेथून एस.टी.ने मालवणमार्गे देवबागला पोहोचलो.

देवबाग म्हणजे जमिनीची अरुंद पट्टी. एका बाजूस कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या बाजूस अरबी समुद्र. डॉल्फिन पाहायचे तर सकाळीच निघावे. वारा कमी असतो, पाणी शांत असते आणि पाण्यावर आलेली पाठ लांबूनही ओळखू येते. होडीत लाइफ जॅकेट दोन कमी होती. ती आणल्याशिवाय आम्ही मुलांना बसू दिले नाही. बायामाणसे प्रथम घाबरली. खाडीच्या मुखाशी होडी उसळली तेव्हा तर कोणी डोळेच उघडेनात.

निवतीच्या बाजूस पहिली काळसर पाठ दिसली आणि एकच गलका झाला. चार होड्या एकदम त्या दिशेने धावल्या. आमच्याही होडीत ‘पळवा, पळवा, पैसे भरलेत!’ असा ओरडा सुरू झाला. खोटे कशाला बोला, आम्हीही ओरडत होतो. होड्या जवळ जाताच पाठी बुडत आणि दूर कोठेतरी निघत.

इतक्यात आमच्यातील वयोवृद्ध आक्का म्हणाल्या, “अरं, तिच्या अंगाशी पिल्लू हाय. बाळंतिणीच्या मागं असं कुणी लागतं का?”

सगळे गप्प झाले. होडीवाल्याने इंजिन बंद केले. म्हणाला, “गिरायकच आरडता, मगे आमी काय करूचा?” त्याचेही खरेच होते. डॉल्फिन दिसला नाही तर गिऱ्हाईक नाराज होते, आणि त्याचे पोट हंगामावर. पावसाळ्यात या फेऱ्या बंद असतात.

पाव तास आम्ही नुसते बसून राहिलो. मग ‘फुस्स’ असा श्वासाचा आवाज आला. होडीपासून थोड्याच अंतरावर आई व पिल्लू वर आले, पुन्हा बुडाले, पुन्हा आले. घाबरलेल्या भगिनीही उभ्या राहून पाहू लागल्या. त्यांना हात धरून खाली बसवावे लागले.

डॉल्फिन हा मासा नव्हे. तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेतो, म्हणून त्याला पाण्यावर यावेच लागते. मादी एका वेळी एकच पिल्लू देते व त्याला दूध पाजते. आपल्या किनाऱ्यालगत, खाडीच्या तोंडाशी दिसतो तो पाठीवर कुबड असलेला डॉल्फिन. तो आवाज काढून, त्याचा प्रतिध्वनी ऐकून भक्ष्य शोधतो. चार होड्यांची इंजिने भोवती घरघरत असतील तर त्याला ऐकू काय येणार? पंख्याचे पाते लागून जखम होण्याची भीती वेगळीच. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार त्याला संरक्षण आहे.

देवमासा दिसेल का, असे मुलांनी विचारले. तोही मासा नव्हे, डॉल्फिनचाच मोठा नातेवाईक. कोकणच्या समुद्रात तो आहे, पण सहसा दिसत नाही. २०१५ साली रायगड जिल्ह्यात रेवदंड्याच्या किनाऱ्यावर एक निळा देवमासा जिवंत वाहून आला होता. लोकांनी खटपट केली, पण तो वाचला नाही.

वाचक बंधुभगिनींनो, आपण कष्टाच्या पैशाने सहलीला जातो, म्हणून पैसे वसूल व्हावेत असे वाटते. त्यात गैर नाही. पण होडीत बसण्यापूर्वीच होडीवाल्यास सांगा, “पाठलाग नको, लांब थांबा, दिसले नाहीत तरी तुमचे भाडे पुरे देऊ.” तेवढा शब्द दिला की त्याच्यावरचा भार उतरतो. प्रत्येकाला जॅकेट मिळाल्याशिवाय मात्र होडी सोडू देऊ नका.

यंदाची वर्गणी सुरू झाली आहे. या वेळी ११ कुटुंबांची नावे आली आहेत. पहिले नाव आक्कांचे आहे.