काकांचे घोडे



आपल्या सप्तव्यसनांत पहिला नंबर जुगाराचा, मांस-मद्य त्यानंतर. पाठशाळेत हे पाठ करताना मला नवल वाटायचं. कन्हानच्या आमच्या काकांमुळे ते संपलं.

काका चौविहार पाळणारे, कांदा-बटाटा न शिवणारे. तरुणपणी मुंबईत कापडाच्या दुकानात नोकरीला होते, तिथे महालक्ष्मी रेसकोर्सचा नाद लागला. हिवाळ्यात मुंबईचा मोसम, पावसाळ्यात पुण्याचा. म्हणजे चातुर्मासातही सुटका नाही! गावी परतल्यावरही रेसबुक यायचं. कोणत्या घोड्यावर किती वजन, जॉकी कोण, मागच्या वेळी कितवा आला. एवढा स्वाध्याय मी मंदिरात कुणाचा पाहिला नाही. पैसे फोनवरून एका बुकीकडे लागत.

"हा जुगार नाही, अभ्यास आहे," ते म्हणत. १९९६ साली सुप्रीम कोर्टाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, त्या बातमीचं कात्रण त्यांनी जपलं होतं. कोर्टाचं बरोबर असेल. काकूच्या पाटल्या मात्र तोवर गहाण पडल्या होत्या.

काकू भांडली नाही. दुधाच्या हिशोबाच्या वहीत मागच्या पानापासून तारीख आणि घरातून गेलेली रक्कम लिहायची, बस. काकांना जिंकलेले दिवस घोड्याच्या नावासकट पाठ, वहीत उरलेले सगळे.

एकदा तिने रेसकोर्सवरचा टोट कसा चालतो ते विचारलं. काकांनी हौसेने सांगितलं: सगळ्यांचे पैसे एकत्र जमतात, आधी क्लबचा वाटा आणि कर कापतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात.

"म्हणजे तुम्ही जिंकलात की आपल्याकडे कुणाच्या तरी घरचा किराणा येतो?"

काका गप्प. मला वाटतं, इतकी वर्षं ते घोड्यांशी खेळत होते, माणसांशी खेळतोय हे त्यांच्या ध्यानातच नव्हतं.

त्या वर्षी क्षमावाणीला त्यांनी हात जोडले. काकू म्हणाली, "क्षमा आहेच. पाटल्या सोडवून आणा." सोडवायला तीन वर्षं लागली. तेव्हापासून पैसा लावणं बंद.

घोडे सुटले नाहीत. फेब्रुवारीत महालक्ष्मीवर इंडियन डर्बी असते, २४०० मीटरची. आदल्या रात्री काका कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने एक नाव लिहितात. यावर्षीचा घोडा हरला. काकूने भाकरी वाढता वाढता विचारलं, "किती लावले असते?"

"पाचशे."

तिने वही काढली आणि जमेच्या बाजूला पाचशे लिहिले.