टिल्लू

मोतसावंग्याच्या धरणाचं पाणी मंगरूळपीरच्या नळांना सुटलं, की ‘नळ आले वो!’ अशी हाक गल्लीभर जाते आणि घरोघरचे टिल्लू कामाला लागतात. टिल्लू म्हणजे अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप. एका हातानं उचलावा एवढाच. एरवी जिन्याखाली पोत्याआड पडलेला, पण नळाच्या वेळी त्याची बडदास्त जावयासारखी. आधी त्याला घोटभर पाणी पाजायचं. कोरडा फिरला तर सील जळतं आणि तो बुडातून गळू लागतो. बरेच दिवस नुसता ठेवला, तर आत क्षार धरून पंखा अडकतो. मग बटण दाबलं की जागच्या जागी घुंऽऽ करत तापतो. अशा वेळी मागून स्क्रू ड्रायव्हर लावून दांडा अर्धा वेढा फिरवायचा, की लागला धावायला. (आधी वायर काढून. सांगायला नको, तरी सांगितलेलं बरं.)

खादाड म्हणाल तर मुळीच नाही. अर्धा तास बोंबलून पाव युनिटच्या आसपास खातो. न्हाणीघरातला पंधरा लिटरचा गिझर चकार शब्द न काढता वीस मिनिटांत पाऊण युनिट फस्त करतो, आणि तोही टिल्लूनं स्लॅबवरच्या टाकीत पाणी चढवलं असेल तरच. टाकी गिझरच्या चार हात वर असली की पाणी आपसूक उतरतं. बैठ्या घराला वेगळा प्रेशर पंप घेणं म्हणजे उगाच पैशाची उधळण.

खोड मात्र वाईट. नळाला थेट जोडला की तो पाणी ओढून घेतो. शेजारच्या तोटीतून नुसती हवा सूं सूं करते आणि पाइप कुठं फुटका असला तर नालीतलं पाणीही आत खेचलं जातं. म्हणूनच गावोगावच्या नगरपालिका टिल्लू जप्त करतात. नळाचं पाणी आधी हौदात घेतलं आणि तिथून चढवलं, तर हाच गडी सज्जन. पण हौद भरायला धार लागते, आणि धार पलीकडच्या टिल्लूनं नेलेली.

‘वहिनी, जरासा बंद करा ना तुमचा, आमच्या गुंडात थेंब नाही!’

‘झालंच, टाकी भरतच आली!’ असं उत्तर येतं, पंप सुरूच.

दुकानदार विचारतो, ‘अर्ध्याचा देऊ की एकचा?’ टाकी किती उंचावर आहे, हे गिऱ्हाईक सांगत नाही. समोरच्यांनी कितीचा नेला, ते आधी विचारतं.