वहिनींचं ‘केन, केन’



आपल्या मंडळींत हल्ली कुणीही भेटो, लग्नात भेटो की मलिद्याला, दोन प्रश्न हमखास निघतात. एक, गुडघ्यासाठी डॉक्टर कोण चांगला? आणि दुसरा, इंटरनेट नि टीव्ही कुणाचा घेतलात, महिना किती पडतो? गुडघ्याचं ज्याने त्याने आपल्या कुपात-खोलीममध्ये विचारावं. दुसऱ्या प्रश्नापायी मात्र आम्ही नवरा-बायकोने या उन्हाळ्यात सहा आठवडे फोनाफोनी केली, वहीची तीन पानं आकड्यांनी भरली आणि एकदा तर नातवंडांसमोर भांडलोसुद्धा. तेव्हा जे हाती लागलं ते इथे मांडतो.

आम्ही १९७० साली अश्दोदला आलो तेव्हा निवडीचा त्रासच नव्हता. टेलिफोनसाठी अर्ज करायचा आणि वर्षानुवर्षं वाट पाहायची. तोवर कोपऱ्यावरचा सार्वजनिक फोन, खिशात मधे भोक असलेली आसिमोन नाणी, आणि मागे उभा असलेला माणूस घाईत. इस्रायलचा टीव्ही १९६८ साली सुरू झाला होता. वाहिनी एकच. जाहिरातींवर चालणारी दुसरी वाहिनी रीतसर सुरू व्हायला १९९३ साल उजाडलं. आणि बाळांनो, तुम्हाला खोटं वाटेल, पण सत्तरच्या दशकात सरकारला रंगीत टीव्ही ही चैन वाटायची. म्हणून बाहेरून आलेल्या कार्यक्रमातला रंग मुद्दाम पुसून मग तो दाखवायचे! पुसणाऱ्या यंत्राला नाव होतं मेखिकोन. लोक काय कमी? त्यांनी रंग परत आणणारं दुसरं यंत्र बाजारात आणलं. आमच्या शेजाऱ्यांकडे ते होतं. मधून मधून उठून त्याचं बटण फिरवावं लागायचं, नाहीतर चित्र पुन्हा काळं-पांढरं. अर्धी बिल्डिंग त्यांच्या घरी, आणि बटण फिरवायचा मान घरमालकाचा.

त्यानंतर सगळं भराभर आलं. १९९० च्या सुमारास केबल आली. २००० साली ‘येस’ची उपग्रहावरची सेवा आली आणि गच्च्यांवर थाळ्या उगवल्या. केबलवाल्या तीन कंपन्या २००३ पासून ‘हॉट’ या एका नावाखाली दिसू लागल्या. टेलिफोनच्या तारेवरून ‘बेझेक’चं इंटरनेट येऊ लागलं. डिसेंबर २०१४ मध्ये ‘सेलकॉम’ने इंटरनेटवरून टीव्ही दाखवायला सुरुवात केली, तीही महिना ९९ शेकेलमध्ये, आणि मग सगळ्यांनाच दर उतरवावे लागले. २०१७ मध्ये ‘पार्टनर’ही त्यात उतरली. ज्यांना नुसत्या बातम्या आणि दोन-चार वाहिन्या पुरतात, त्यांच्यासाठी २००९ पासून ‘इदान प्लस’ आहे. छोटा डबा आणि अँटेना एकदा विकत घ्यायची, महिन्याचं बिल नाही. आपल्यातल्या कितीतरी म्हाताऱ्या माणसांना तेवढंच पुरेल. पण हे कुणी विकायला फोन करत नाही, कारण त्यात कमिशन नाही!

या सगळ्यात आमच्या पिढीला डोकेदुखी झाली ती ‘तश्तीत’ आणि ‘सपाक’ या दोन शब्दांची. तश्तीत म्हणजे घरापर्यंत आलेली तार, सपाक म्हणजे त्या तारेतून इंटरनेट सोडणारा. जसा पाण्याचा पाइप एकाचा आणि पाणी दुसऱ्याचं. बिलं दोन. नेट बंद पडलं की तारवाले म्हणत, सपाकला विचारा. सपाक म्हणे, तारेत बिघाड आहे. मधल्या मधे आपण, हातात फोन, कानात गाणं. २०२२ साली ही सक्तीची फाळणी संपली. आता एकाच कंपनीकडून दोन्ही एकत्र घेता येतं. तुमच्या घरी अजून दोन बिलं येत असतील, तर या शनिवारची रात्र उलटली की आधी ती दोन्ही काढून शेजारी शेजारी ठेवा. जुना करार कुणी आपण होऊन बदलून देत नाही. आमच्या ओळखीत एक अंकल ज्या ई-मेलच्या पत्त्याचे पैसे भरत होते, तो पत्ता त्यांनी कधी उघडलाच नव्हता.

आता फायबरबद्दल, आणि हे मुलांसाठी. तांब्याच्या तारेतून वीज धावते, फायबरमध्ये प्रकाश धावतो. काचेचा धागा केसाएवढा बारीक, त्यात प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. इथून मुंबई साधारण चार हजार किलोमीटर. म्हणजे धागा सरळ असता तर एका सेकंदाच्या पन्नासाव्या भागात तुमचं ‘शालोम आजी’ मुंबईला पोचलं असतं. धागा सरळ नसतो, समुद्राच्या तळाने वळसे घेत जातो, तरी कळण्याइतका उशीर होत नाही. २०२१ साली गूगलने समुद्राखालच्या दोन जोड केबल जाहीर केल्या. एक इटलीतून इस्रायलमार्गे जॉर्डनच्या अकाबापर्यंत, आणि दुसरी अकाबाहून मुंबईपर्यंत. त्या दुसरीचं नाव काय ठेवलं माहीत आहे? ‘रामन’! प्रकाशाचा अभ्यास करून नोबेल मिळवणारे आपल्या भारताचे सी. व्ही. रामन. शाळेत हे सांगा, मोराला सुद्धा ठाऊक नसेल.

असो. विकणारा माणूस पहिला शब्द बोलतो तो ‘एलेफ मेगा’, म्हणजे हजार मेगाबिट. ऐकून छाती दडपते. पण हिशेब करून बघा. चांगलं स्वच्छ चित्र दाखवायला टीव्हीला पाच मेगाबिटच्या आसपास लागतं, अगदी मोठ्या पडद्यावरच्या बारीक चित्राला पंधरा-वीस. दोघं म्हातारे एकाच वेळी किती टीव्ही बघणार? आमच्याकडे शुक्रवारी नातवंडं येतात तेव्हा तीन फोन, एक खेळ आणि एक टीव्ही चालतो, तरी शंभराच्या वर जायची गरज पडली नाही. विचारायचं ते दुसरंच. घरात येणारा वेग सगळे सांगतात, घरातून बाहेर जाणारा किती? जुन्या टेलिफोनच्या तारेवर तो फारच कमी असतो. म्हणूनच ठाण्याची आमची बहीण आम्हाला स्वच्छ दिसायची आणि आम्ही तिला दिसायचो चौकोनी ठिपक्यांचे. “तुमची तोंडं कुठं गेली गं?” असं ती विचारायची. फायबर घेतल्यावर पहिल्यांदा तिने आमच्या भिंतीवरचा आई-वडिलांचा फोटो इतक्या जवळून पाहिला, आणि मग बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

टीव्हीच्या बाबतीत आमचं भांडण झालं ते मराठी मालिकांवरून. शंभर-दोनशे वाहिन्यांचं पॅकेज घ्यायचं, त्यातल्या आम्ही पाहतो चार. ११, १२, १३ आणि एक सिनेमाची. मराठी काय ती यूट्यूबवर. मुंबईची संध्याकाळची सातची मालिका म्हणजे इथे उन्हाळ्यात साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन. चहाच्या वेळी मराठी, रात्री हिब्रू बातम्या, असं आमचं वेळापत्रक आपोआप बसलं. मग मोठं पॅकेज कशाला? यावर घरातलं दुसरं मत असं होतं की नातवंडांचे कार्टून त्या पॅकेजमध्ये आहेत, ते नसले तर नातवंडं यायची नाहीत. नातवालाच विचारलं. तो म्हणाला, “आजी, टीव्हीवर कार्टून कोण बघतं?” भांडण मिटलं.

मुलीच्या बेअर शेवाच्या घरी वेगळीच गोष्ट. तिथे ममाद आहे. १९९१ च्या युद्धानंतर बांधलेल्या नव्या घरांत ही खोली सक्तीची झाली. जाड सिमेंट, आत लोखंड, दार पोलादी. क्षेपणास्त्रापासून वाचवणारी भिंत वायफायलाही आत येऊ देत नाही! २०२५ च्या जूनमधल्या त्या बारा दिवसांत रात्री-बेरात्री मुलं आत बसली, आणि दार लावलं की फोन मुका. इकडे आम्ही शिकुनच्या खालच्या मिक्लातमध्ये, तिकडे ती ममादमध्ये. पुढची दहा मिनिटं कशी गेली ते आमचं आम्हाला माहीत. म्हणून सांगतो, टेखनाय घरी आला की त्याला चहा द्या, पण फोन हातात घेऊन ममादमध्ये जा, दार लावा आणि तपासा. येत नसेल तर दाराजवळ दुसरा छोटा राउटर लावायला सांगा, किंवा टेलिफोनच्या नळीतून तार आत घ्यायला. भिंतीला आपल्या मनाने भोक मात्र पाडू नका, ती खोली मग ममाद राहत नाही.

आणि टेखनाय आला नाही तर? कायद्याने या कंपन्यांना वेळ ठरवून द्यावी लागते. ठरल्या वेळेनंतर दोन तासांच्या वर ताटकळत ठेवलं तर ३०० शेकेल भरपाई मागता येते, तीन तासांच्या वर ६००. आपली माणसं मागत नाहीत. “जाऊ दे, बिचारा दमला असेल” म्हणतात.

आता वहिनींची गोष्ट. आमच्या वहिनी ८६ वर्षांच्या, आमच्याच शिकुनमध्ये तळमजल्याला एकट्या राहतात. भाऊ जाऊन नऊ वर्षं झाली. गळ्यात धोक्याच्या वेळी दाबायचं बटण असतं, ते घरच्या टेलिफोनला जोडलेलं. मागच्या हिवाळ्यात न्हाणीघरात पडल्या तेव्हा त्या बटणानेच मदत आली. तर या उन्हाळ्यात एक दिवस त्यांना फोन आला. एका कंपनीचा, नाव कशाला. मुलगा गोड बोलणारा. “सवता, कशी आहेस?” वहिनींना बरं वाटलं. तो भरभर हिब्रूत बोलत राहिला, आणि वहिनी आपल्या सवयीने “केन, केन” म्हणत राहिल्या. आपल्याकडे समोरचा बोलत असला की आपण ‘हं, हं’, ‘हो, हो’ करतोच ना? त्याचा अर्थ ‘ऐकतेय बाबा’, एवढाच. तिकडे त्या ‘केन’चं रेकॉर्डिंग झालं. दुसऱ्या दिवशी निरोप आला, मंगळवारी टेखनाय येतो. हजार मेगाचं फायबर, टीव्हीचा डबा, आणि टेलिफोनचा नंबर नव्या लाइनवर. घरात कॉम्प्युटर नाही, साधा बटणांचा मोबाइल. आणि टेलिफोन हलला तर गळ्यातल्या बटणाचं काय, हे कुणी विचारलंच नव्हतं.

यातली अडचण समजून घ्या. जुन्या तांब्याच्या तारेला वीज टेलिफोन केंद्रातून येते, तिथे बॅटऱ्या असतात. म्हणून घरात लाइट गेला तरी तारेचा साधा फोन चालतो. फायबरवरचा फोन राउटरवर चालतो, राउटर घरच्या विजेवर. लाइट गेला की राउटर गेला, फोन गेला, आणि फोनला जोडलेलं बटणही गेलं.

आम्ही फोन लावला. नात्साग म्हणाला, रेकॉर्डिंग आहे, बाईंनी होकार दिला आहे. आम्ही म्हटलं, रेकॉर्डिंग तुमच्याकडे आहे, तेऊदात-झेहूत आमच्याकडे आहे, जन्मसाल बघा. या देशाचा ग्राहक-कायदा सांगतो की फोनवर झालेला असा सौदा कुणालाही चौदा दिवसांत मोडता येतो, आणि ६५ वर्षांपुढची माणसं, अपंग आणि पाच वर्षांच्या आतले नवे ओलीम यांना तर चार महिन्यांपर्यंत मुदत आहे. सौदा बोलण्यातून झालेला हवा, एवढंच. इथे तर बोलणंच बोलणं होतं! कारण सांगावं लागत नाही. मोडण्याचं शुल्क घेतलं तरी रकमेच्या पाच टक्के किंवा १०० शेकेल, यातलं जे कमी असेल तेवढंच; जितके दिवस सेवा वापरली त्याचे पैसे वेगळे. “चार महिने” हे शब्द हिब्रूत शांतपणे उच्चारल्यावर नात्साग साहेबाला बोलवायला गेला. रद्द झाल्याचं पत्र आम्ही लेखी मागून घेतलं. जानेवारी २०२३ पासून विक्रीचे फोन नकोत म्हणून नंबर नोंदवायची सरकारी सोय आहे. नातीने त्याच संध्याकाळी वहिनींचा नंबर तिथे नोंदवला.

मग बटणवाल्यांच्या केंद्रात चौकशी केली. त्यांच्याकडे मोबाइलचं सिम घातलेलं, आतल्या बॅटरीवर चालणारं दुसरं यंत्रही मिळतं म्हणाले. वहिनींना विचारलं. त्या म्हणाल्या, “हे चालतंय ना? मग राहू दे. यांच्या हातचा नंबर आहे.” भाऊंनी किती वर्षं वाट पाहून तो नंबर मिळवला होता, ते आम्हाला माहीत होतं. तेव्हा तांब्याची तार आहे तोवर त्यांची लाइन तशीच. ती काढायची वेळ येईल तेव्हा सिमचं यंत्र आधी येईल, तार नंतर जाईल, असं ठरलं. टीव्हीसाठी त्यांना इदान प्लसचा डबा आणून दिला. रिमोटवर चार बटणं सोडून बाकीच्यांवर चिकटपट्टी लावली आहे.

आमच्याकडे फायबर आलं, शंभर मेगाचं, टीव्हीचं लहान पॅकेज आणि राउटरला छोटी बॅटरी. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण तुमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा धागा पोचला आहे यावरच निम्मं अवलंबून असतं. ते आधी विचारा. सवलत एक वर्षाची आहे. संपायची तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, वाढदिवसांच्या रांगेत, लाल शाईने लिहिली आहे. तिच्या महिनाभर आधी फोन करायचा, आणि तो कुणी करायचा यावर अजून एकमत झालेलं नाही.