सिंहभूमचा ग्रॅनाइट: ‘पहिली जमीन’ या मथळ्यापलीकडे

झारखंड आणि ओडिशाच्या सीमेवरचा सिंहभूम परिसर लोहखनिजासाठी प्रसिद्ध आहे. २०२१ मध्ये मात्र तो वेगळ्याच कारणाने बातम्यांत आला. समुद्रातून वर आलेली जगातली पहिली जमीन भारतातली, असे मथळे झळकले. अभिमान स्वाभाविक होता. पण ‘पहिली’ या शब्दाच्या झगमगाटात खरा प्रश्न झाकोळला. ती जमीन वर आली कशी?

आज डोंगर उभे राहतात ते बहुधा भूपट्टांच्या टकरीतून. हिमालय हे त्याचे ठळक उदाहरण. सिंहभूमच्या संशोधकांचे म्हणणे वेगळे आहे. त्यांच्या मते तिथे टक्कर झालीच नाही. प्रावरणातून वर येणारा तप्त शिलारस एकाच जागी थरावर थर चढवत गेला, कवच जाड होत सुमारे ५० किलोमीटरपर्यंत पोहोचले आणि तळाशी वितळू लागले. त्यातून सिलिकायुक्त, हलका ग्रॅनाइट घडला. पाण्यावर लाकूड तरंगावे तसे हे जाड, हलके कवच प्रावरणावर उचलले गेले आणि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वी समुद्राबाहेर आले.

हे कळले कशावरून? खडक फार खोलवर वितळतो तेव्हा तिथे गार्नेट टिकून राहते आणि यिट्रियम स्वतःत धरून ठेवते. स्ट्राँशियम मात्र शिलारसात उतरते. म्हणून ग्रॅनाइटातले या दोन मूलद्रव्यांचे प्रमाण वितळण्याच्या खोलीची खूण ठरते. सिंहभूममध्ये ही खोली काळाच्या ओघात वाढत गेलेली दिसते. जमीन उघडी पडल्याची साक्ष जवळच्या वालुकाश्मांनी दिली. नद्यांनी आणि किनाऱ्यावरच्या लाटांनी साचवलेल्या त्या वाळूचे वय तिच्यातल्या झिरकॉनच्या कणांवरून ठरवता आले.

तरीही वाद मिटलेला नाही. रसायन वितळण्याची खोली सांगते, वितळण्याची जागा नाही. एक भूपट्ट दुसऱ्याखाली खचतानाही तो इतक्याच खोलीवर वितळू शकतो, आणि जगातल्या अशाच प्राचीन खडकांचा अर्थ अनेक अभ्यासक तसाच लावतात. दुसरीकडे, टकरीवाचून शिलारस वर येणे अशक्य नाही, याचा पुरावा सह्याद्रीच्या काळ्या कातळात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा तो बेसॉल्ट भूपट्टाच्या सीमेवर नव्हे, तर आतल्या भागात ओतला गेला.

निर्णय अखेर खडकांकडूनच मिळवायचा आहे, आणि इथेच चिंतेचे कारण आहे. केओंझर जिल्ह्यातल्या नोमिरा इथला, पाण्याखाली थिजलेला उशीच्या आकाराचा लाव्हा राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक ठरला आहे. पण बहुतेक प्राचीन खडकांना असे कवच नाही. भूवारसा जपण्यासाठीच्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला. मथळ्यातला अभिमान खरा असेल, तर तो अशा संरक्षणाच्या आग्रहात दिसायला हवा. खाणीतून निघालेले लोखंड वितळवून पुन्हा वापरता येते. ३३० कोटी वर्षांचा खडक फुटला, की त्यातली साक्ष परत मिळत नाही.