सहा शून्यं आणि एक गुण

गेल्या महिन्यात रामकुंडावरून घरी परतताना एका पन्नाशीच्या गृहस्थाने स्कूटर थांबवली. "बाई, ओळखलंत का?" आवाजावरून नाही, पण हसण्यावरून ओळखलं. माझा सातवीतला विद्यार्थी. अंबडला त्याचं छोटं वर्कशॉप आहे. "एकदा याच," म्हणाला. रविवारी सूनबाईंबरोबर गेले.

तिथे कोपऱ्यात तेलाचं पिंप होतं. त्यावर मोठ्या अक्षरात ६८. मी विचारलं, "हे काय, किलो?"

"नाही बाई, तेलाचा घट्टपणा. ४० अंश सेल्सिअसला साधारण ६८ सेंटिस्टोक्स. प्रेस चालवायला हे तेल लागतं."

मी मराठी विषयाची बी.ए. मला हे नवीनच. त्याने फळ्यावर शिकवावं तसं सांगितलं. याला म्हणतात कायनेमॅटिक व्हिस्कॉसिटी, म्हणजे द्रवाच्या चिकटपणाला त्याच्या घनतेने भागून येणारा आकडा. साध्या पाण्याचा २० अंशाला साधारण १. गंमत म्हणजे हवेचा १५ च्या आसपास, पाण्याहून जास्त! हवा चिकट म्हणून नव्हे, तर हलकी म्हणून. लहान संख्येने भागलं की उत्तर मोठं येतं. एककाला नाव मिळालं जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स (१८१९–१९०३) या शास्त्रज्ञावरून. एक स्टोक्स म्हणजे सेकंदाला एक चौरस सेंटिमीटर. त्याचा शंभरावा भाग सेंटिस्टोक्स, म्हणजे सेकंदाला एक चौरस मिलिमीटर.

"आता हे मोठ्या एककात सांगा बाई. सेकंदाला किती चौरस मीटर?"

मी लगेच म्हटलं, "मीटरमध्ये हजार मिलिमीटर. ६८ भागिले हजार. ०.०६८."

तो गप्प राहिला. आणि त्या गप्प राहण्याने माझ्या पोटात खड्डा पडला. कारण हीच चूक मी पूर्वी केली होती, आणि याच मुलासमोर.

साल १९८४. गणिताचे सर रजेवर होते, म्हणून चाचणीचे पेपर माझ्याकडे आले. प्रश्न होता, एका चौरस मीटरमध्ये किती चौरस सेंटिमीटर? याने लिहिलं होतं १०,०००. मी लाल फुली मारून १०० लिहिले. तो टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, वावराची बाजू दुप्पट केली तर वावर चौपट होतं." शेतकऱ्याचा मुलगा, त्याला ते डोळ्यांसमोर दिसत होतं. मी म्हटलं, "उलट बोलू नकोस, जागेवर बस." सर परतल्यावर त्यांनी मला हळूच चूक दाखवली. वर्गात जाऊन ती कबूल करायची मला लाज वाटली. आज करू, उद्या करू म्हणत वर्ष संपलं.

चौरसाचं गणित तेच. बाजू हजारपट, तर क्षेत्रफळ हजार गुणिले हजार, म्हणजे दहा लाखपट. सेकंद दोन्हीकडे तोच, त्याला हात लावायचा नाही. सेकंदाला एक चौरस मीटर म्हणजे दहा लाख सेंटिस्टोक्स, आणि आपले ६८ म्हणजे ०.००००६८. माझं उत्तर तब्बल हजारपट चुकलं होतं! माझ्या हिशेबाचं तेल ६८,००० सेंटिस्टोक्सचं, म्हणजे मधापेक्षाही कितीतरी घट्ट. त्याचा पंप जागचा हलला नसता.

"म्हणून तर आम्ही छोटंच एकक वापरतो बाई. एवढी शून्यं लिहिताना एखादं निसटतंच," तो म्हणाला. मला सांभाळून घेत होता, हे कळलं.

मग मी त्याच्या कामगारांसमोरच सांगून टाकलं. चाचणी, फुली, सगळं. म्हटलं, "तुझं बरोबर होतं रे. माझं चुकलं, आणि कळूनही मी बोलले नाही." तो हसला. "बाई, इतकी वर्षं झाली, मला आठवतही नाही."

चहा झाला. निघताना तो रिक्षापर्यंत आला. मला हात देऊन बसवलं आणि हळूच म्हणाला, "पण बाई, तो एक गुण राहिलाच की."

असो. माझ्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल आणि कुणाचा असा गुण माझ्याकडे राहिला असेल, तर खाली जरूर लिहा. उशिरा का होईना, देऊन टाकीन.