वाट कुणाची?

वाचकहो, पन्नाशी ओलांडलेल्या खेडेगावच्या माणसाला सायकल काही नवी नाही. शाळेसाठी मी रोज जाऊन-येऊन सहा मैल सायकल मारीत असे. हँडलला दप्तर, कॅरिअरला डबा आणि ब्रेक म्हणून पायातली वहाण! पुढे मोटारसायकल आली आणि सायकल गोठ्याच्या भिंतीला टेकली ती टेकलीच. पुन्हा तिच्यावर बसेन, आणि तेही परमुलखात, असे मला कुणी सांगितले असते तर मी हसण्यावारी नेले असते.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागाईतदार. धाकटी लेक शिकायला फ्रान्समध्ये दिजों या शहरी होती. 2023 च्या मे महिन्यात, खरड छाटणी उरकून बाग मुलाच्या हाती सोपवून, आम्ही दोघे तिच्याकडे गेलो. एका सकाळी ती म्हणाली, "आबा, उद्या द्राक्षं बघायला जायचं. सायकलवर."

"या वयात? लोक हसतील."

"इथं तुम्हाला ओळखतंय कोण?"

मंडळींनी घरी राहणे पसंत केले. आम्ही बापलेक आगगाडीने बोन नावाच्या गावी उतरलो आणि भाड्याच्या दोन सायकली घेतल्या. बोन म्हणजे बर्गंडी प्रांतातली द्राक्षाची पेठच. तिथे 1443 साली गोरगरिबांसाठी बांधलेले एक जुने रुग्णालय आहे. दात्यांनी त्याला द्राक्षमळे दान दिले. त्या मळ्यांच्या वाइनचा दर नोव्हेंबरात लिलाव होतो आणि पैसा धर्मादायाला जातो. हा लिलाव 1859 पासूनचा आहे.

बोनपासून सांतने गावापर्यंत वीस-बावीस किलोमीटरची एक वाट आहे. तिला तिकडे 'द्राक्षवेलींची वाट' असेच म्हणतात. पोमार, वोलने, मर्सो, प्युलिनी, शासान्य अशी एकामागून एक गावे लागतात आणि मधे नुसत्या वेली. वाट कुठे गुळगुळीत, कुठे खडीची. फाट्यावरून आत वळले की पांढऱ्या चुनखडीच्या खड्यांची गाडीवाट. चाकाखाली खडी करकरते, तेवढाच आवाज. हॉर्न नाही, धूर नाही. मोटार नजरेला पडलीच नाही म्हणा ना! पहिला अर्धा तास मी सवयीने मागे वळून पाहत होतो, की एखादा ट्रक येतोय का. मग मान सैल पडली आणि डोळे बागेत शिरले.

आता बागेचे सांगतो, कारण तुम्ही तेच विचाराल. त्यांची वेल आपल्या मांडवासारखी डोक्यावर नसते, कमरेइतकीच असते. ओळीत मीटर, ओळी-ओळींत मीटर, असे लावलेले. एकरी चार हजारांवर वेली! आपण नऊ बाय पाचवर लावतो त्या एकरी हजाराच्या आत. थंडीमुळे तिकडे छाटणी वर्षातून एकदाच, हिवाळ्यात. आपली खरड वेगळी आणि गोडी वेगळी हे लेकीने एका म्हाताऱ्या बागाईतदाराला सांगितले, तेव्हा त्याने कपाळाला हात लावला. पण मार्च-एप्रिलमध्ये कोंब फुटल्यावर हिमतुषार पडतो, त्याची धास्ती त्याला. 2021 च्या एप्रिलात रात्रभर बागेत मेणबत्त्या पेटवूनही पुष्कळांचे कोंब जळाले. आपली गारपीट आठवली. बाग कुठलीही असो, आभाळाकडे बघणे चुकत नाही.

दोन गोष्टी तर आपल्या घरच्याच निघाल्या. सन 1860 नंतर तिकडे अमेरिकेतून मुळांवरची एक बारीक कीड आली आणि फ्रान्सचे मळेच्या मळे वाळले. शेवटी अमेरिकन जंगली वेलीच्या मुळावर आपल्या वेलीचे कलम करून त्यांनी बागा पुन्हा उभ्या केल्या. आपण पाणी कमी आणि जमीन खारट म्हणून डॉगरिजवर कलम बांधतो, ती डॉगरिजही मूळची अमेरिकेचीच.

दुसरी गोष्ट बोर्डो मिश्रणाची. बोर्डो हे फ्रान्सच्या दुसऱ्या टोकाचे द्राक्षमुलूख. तिथे येणारे-जाणारे रस्त्याकडेची द्राक्षे तोडून खात, म्हणून शेतकरी कडेच्या ओळींवर मोरचूद आणि चुना शिंपडीत, म्हणजे घड विषारी वाटावेत. मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांना 1882 साली दिसले, की डावणीने आतल्या ओळींची पाने गळाली, पण रस्त्याकडेच्या ओळी हिरव्यागार! त्यांनी प्रयोग केले आणि 1885 साली ते मिश्रण जगापुढे मांडले. विचार करा, बागेच्या कडेने सार्वजनिक वाट होती म्हणून आपल्याला डावणीचे औषध मिळाले.

दुपारी आम्ही प्युलिनी आणि शासान्य यांच्या मधल्या मोंराशे नावाच्या मळ्यापाशी थांबलो. सारा मळा आठ हेक्टरांचा, म्हणजे वीस एकर, आणि मालक दीड डझनाच्या आसपास. इथल्या एका बाटलीच्या किमतीत आपल्याकडे बैलजोडी यावी. या भागातल्या मळ्यांच्या नेमक्या सीमांना 2015 साली युनेस्कोने जागतिक वारशात घेतले आहे. 1804 च्या त्यांच्या दिवाणी कायद्याने सर्व मुलांना सारखा वाटा मिळू लागला, आणि पिढ्यान् पिढ्या तुकडे होत गेले. कुणाच्या वाट्याला चारच ओळी! मला वाटले, हे तर आपल्या भाऊबंदकीचेच चित्र.

तेवढ्यात एका ओळीतून उंच पायांचा ट्रॅक्टर निघाला. तिकडचा ट्रॅक्टर ओळ पोटाखाली घेऊन चालतो. तो खडीच्या वाटेवर आला, तिथेच वळला आणि शेजारच्या ओळीत शिरला. आम्ही सायकली कडेला घेतल्या, त्याने हात केला. मी वेलीचा शेवटचा खांब पाहिला. ताणाची तारही पाहिली. ताण वाटेच्या अलीकडे जमिनीत गाडलेला होता. एकाचाही ताण वाटेत नव्हता. मी सायकल उभी करून पुढच्या मालकाचा पाहिला, त्याच्या पुढच्याचा पाहिला. लेक म्हणाली, "आबा, काय शोधताय?"

मी काही बोललो नाही. वाचकहो, आता तुमच्यापुढे कबूल करतो.

आमच्या गटाच्या आणि चुलतभावाच्या गटाच्या मधून एक पाणंद जाते. आजोबांच्या काळी तिच्यातून दोन बैलगाड्या एकमेकींना ओलांडत. मग आमच्या वडिलांनी बांध हातभर सरकवला. पलीकडून चुलत्यांनी सरकवला. आणि 2009 साली मी नवी बाग लावली, तेव्हा प्रत्येक ओळीला एक वेल जास्त बसावी म्हणून मांडवाचे ताण सरळ पाणंदीत गाडले. चुलतभाऊ बोलायला आला, तर मीच त्याला त्याच्या बापाने सरकवलेला बांध दाखवला. तेव्हापासून आमचे बोलणे बंद. पावसाळ्यात त्या पाणंदीतून गडी माणूसही नीट जाईना. व्यापाऱ्याची गाडी बागेपर्यंत येईना, म्हणून क्रेट डोक्यावरून रस्त्यापर्यंत न्यायचे. मणी घासले, की दर पडायचा. नुकसान चुलतभावाचे झाले तेवढेच माझेही झाले, पण मी ते बारा-चौदा वर्षे त्याच्याच खात्यावर लिहीत आलो.

एका बाटलीला बैलजोडीची किंमत येणाऱ्या जमिनीत त्या लोकांना वाट सोडणे परवडते. तुकड्यांच्या वाटण्या झाल्या, पण वाट कुणी वाटून घेतली नाही. का, तर त्या वाटेवरच प्रत्येकाचा ट्रॅक्टर वळतो आणि माल बाहेर पडतो. सांतनेपर्यंतची उरलेली वाट मी फारसे न बोलता काटली. पाय दुखत होते, पण खरे दुखणे पायात नव्हते.

घरी परतल्यावर टेप घेऊन पाणंद मोजली. आमच्या चाळीस ओळी. प्रत्येक ओळीची शेवटची वेल काढली, तरच ताण पाच फूट मागे येणार. चाळीस भरल्या वेली म्हणजे वर्षाला पाचेक क्विंटल माल. मंडळी म्हणाल्या, "आधी त्यांना सरकू द्या, मग आपण." मुलानेही तेच म्हटले. त्यांचे चुकत होते असे मी म्हणणार नाही. पण दोघेही दुसऱ्याने आधी सरकण्याची वाट पाहत बसले, म्हणूनच ही वेळ आली होती. सप्टेंबरात, गोडी छाटणीच्या आधी, मी गड्याकडून नव्हे, स्वतःच्या हाताने त्या चाळीस वेली तोडल्या. चौदा वर्षांचे खोड करवतीने कापताना हात थरथरला, हे खोटे कशाला सांगू?

चुलतभाऊ त्याच्या बांधावरून बघत होता. बोलला नाही. महिन्याभराने एका सकाळी त्याच्याकडून कुदळीचा आवाज आला. तो बांध उकरीत होता. मी पाण्याची कळशी घेऊन गेलो. तो एवढेच म्हणाला, "दादा, मुरूम निम्मा-निम्मा टाकू."

फेब्रुवारीत व्यापाऱ्याची पिकअप पहिल्यांदा थेट बागेपाशी आली. सगळे गोड झाले असे समजू नका. पुढे एका शेजाऱ्याने अजून आपला हौद पाणंदीतून हलवलेला नाही, आणि तिथे गाडी अडखळते. त्याच्याशी अजून बोलणे चालू आहे.

वाचकहो, अडवलेली वाट मोकळी करून मागण्यासाठी 1906 चा मामलेदार कोर्ट कायदा आहे. बांधावरून नवी वाट हवी असेल, तर 1966 च्या महसूल संहितेचे कलम 143 आहे. अर्ज तहसीलदारांकडे करावा लागतो. अडलेल्याने तो मार्ग जरूर धरावा. पण अर्ज लिहिण्याआधी एकदा टेप घेऊन आपला स्वतःचा बांध मोजा. मी ते चौदा वर्षे केले नव्हते.

गोठ्यातली सायकल मी दुरुस्त करून घेतली आहे. आता संध्याकाळी पाणंदीने बागेत सायकलवरच जातो. खडी करकरते. परवा चुलतभावाचा नातू मागच्या कॅरिअरवर बसला आणि म्हणाला, "आजोबा, जोरात!"